शनिवार राखणारं विद्यापीठ

शुक्रवारी दुपारी ऊन कलायला लागलं की पुण्यात औंध रस्त्यावरच्या स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठाच्या वसतिगृहांत एकच लगबग उडते. दोरीवरचे कपडे आत येतात, शर्टांवर इस्त्री फिरते, बूट पुसून दाराशी मांडले जातात. कोणी खोली झाडत असतं, कोणी लॅपटॉपवर राहिलेली असाइनमेंट संपवत असतं. स्वयंपाकघरात उद्याच्या जेवणाची जमेल तेवढी तयारी आजच उरकायची असते. भाज्या चिरायच्या, कडधान्यं शिजवून ठेवायची, मोठी पातेली घासून पालथी घालायची. परीक्षा तोंडावर असली तरी ही धांदल काही वेगळ्या कारणासाठी असते. सूर्य मावळला की काम थांबणार असतं आणि ते उद्याच्या सूर्यास्तापर्यंत थांबलेलंच राहणार असतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘सुट्टी’ हा विषय दिला तेव्हा मला पहिल्यांदा हीच जागा आठवली. पुण्यात वाढलेल्या अनेकांना स्पायसर माहीत असतं ते तिथल्या गव्हाच्या ब्रेडमुळे आणि पीनट बटरमुळे. रस्त्यावरून जाताना झाडी दिसते, कुंपण दिसतं, ईशान्येकडचे किंवा आफ्रिकेतले वाटणारे विद्यार्थी दिसतात आणि आपण पुढे जातो. आत मात्र एक पूर्ण वेगळा आठवडा चालतो. बाकीच्या शहरात शनिवार म्हणजे मुलांची सकाळची शाळा, क्लासच्या जादा बॅचेस, दुकानदारांची गर्दीची वेळ, मारुतीला तेल. इथं त्या दिवशी वर्ग नाही, परीक्षा नाही, खरेदी-विक्री नाही, क्रिकेट नाही आणि अभ्यासही नाही. विद्यापीठासारख्या ठिकाणी अभ्यास थांबवायचा नियम असावा, हे मला पाहण्यासारखं वाटलं.

सूर्यास्ताचं वेळापत्रक

सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा प्रॉटेस्टंट परंपरेतला पंथ. बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा सातवा दिवस पवित्र पाळायला सांगते, आणि सातवा दिवस म्हणजे शनिवारच, यावर हे लोक ठाम आहेत. मराठी बायबल त्याला शब्बाथ म्हणतं; वसतिगृहात सगळे सॅबथ म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनागृहाकडे जाताना एकमेकांना ‘हॅपी सॅबथ’ म्हणायची पद्धत आहे, आणि ती जगभरच्या अ‍ॅडव्हेंटिस्टांत सारखीच आहे.

त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून मोजतात; मुसलमानांचा आणि ज्यूंचा मात्र संध्याकाळी बदलतो, तसाच यांचाही. त्यामुळे शुक्रवारचं वेळापत्रक घड्याळावर टाकून भागत नाही, ते ऋतूबरोबर सरकतं. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या किंचित आधी मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. म्हणजे पावसाळ्यातल्या शुक्रवारी विद्यार्थ्याला तयारीसाठी सव्वा तास जास्त मिळतो. पण त्या दिवसांत सूर्य ढगांआड असतो, कपडे वाळत नाहीत आणि मावळायची वेळ पंचांगातूनच बघावी लागते. ऐजॉलहून शिकायला आलेल्या मुलाच्या घरी डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडायला लागतो. आई-वडिलांचा शब्बाथ सुरू झालेला असतो तेव्हा पोराच्या हातात अजून इस्त्री असते.

पण त्या आठवड्यात दोघं एकच धडा वाचत असतात. शनिवारी सकाळी मुख्य उपासनेआधी ‘सॅबथ स्कूल’ भरतं. त्यात लहान लहान गट करून बायबलच्या एका विषयावर चर्चा होते. प्रौढांसाठीचा हा धडा दर तिमाहीला छापील पुस्तिकेत येतो आणि जगभरातल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळ्यांत त्या आठवड्याला तोच असतो. सात दिवसांची सात टिपणं असतात, रोज थोडं थोडं वाचायचं. घरापासून तीन हजार किलोमीटर दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला आईशी फोनवर बोलायला जेवणखाण आणि तब्येत याखेरीज आणखी एक विषय असतो, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शनिवारी कामाला हात न लावणारी माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा पिढीजात धंदा तेलाचा, आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून अलिबागच्या आसपासच्या गावांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणूनच ओळखलं. खुद्द पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1867 साली पूर्ण झालेलं लाल देऊळ आहे, जिथं शनिवारची प्रार्थना होते. पण घाणा बंद ठेवणं हा एका घराचा निर्णय असतो. शेकडो तरुण राहतात, जेवतात, शिकतात आणि फी भरतात असं अख्खं विद्यापीठ बंद ठेवायचं तर त्याला वेगळी व्यवस्था लागते. ती बघायलाच मी गेले होते.

बॅटल क्रीकहून औंध रस्त्यावर

ही व्यवस्था इथं आली कुठून, ते थोडं सांगायला हवं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं बायबलमधल्या भविष्यवाण्यांची आकडेमोड केली आणि ख्रिस्त लवकरच परत येणार असा प्रचार केला. त्याच्या अनुयायांनी अखेर 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. त्या रात्री हजारो माणसं जागत बसली. काहीच झालं नाही. निराश झालेल्यांतले बहुतेक पांगले, पण एक छोटा गट टिकला. शनिवार पाळणाऱ्या बॅप्टिस्टांकडून त्यांनी सातव्या दिवसाचा आग्रह घेतला आणि 1863 साली मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावात रीतसर पंथ उभा केला. एलन व्हाइट या त्यांच्या सर्वांत प्रभावी मार्गदर्शक. त्यांचं औपचारिक शिक्षण लहानपणीच्या दुखापतीमुळे सुटलं होतं, पण शिक्षणावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. बुद्धी, मन आणि हात या तिन्हींना एकत्र घडवावं, शाळा शहराच्या गजबजाटापासून दूर असावी, तिच्याजवळ शेत असावं आणि विद्यार्थ्यानं रोज अंगमेहनत करावी, हा त्यांचा आग्रह. 1874 साली बॅटल क्रीकमध्ये पंथाचं पहिलं कॉलेज निघालं आणि 1901 मध्ये ते खरोखरच शहर सोडून बेरियन स्प्रिंग्जच्या शेतांत गेलं. तेच पुढे अँड्र्यूज विद्यापीठ झालं.

बॅटल क्रीकमध्येच डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं प्रचंड आरोग्यधाम होतं. मांसाहार, दारू, तंबाखू, चहा-कॉफी यांना तिथं बंदी होती आणि त्यांच्या जागी काय खायचं याचे प्रयोग स्वयंपाकघरात चालत. कॉर्नफ्लेक्स तिथून निघाले. शेंगदाणे वाटून केलेलं लोणी रुग्णांना प्रथिनं मिळावीत म्हणून द्यायला केलॉग यांनी सुरुवात केली आणि 1890च्या दशकात त्याच्या कृतीचं पेटंटही घेतलं. पंथाशी त्यांचं पुढे बिनसलं, पण खाण्याची शिस्त पंथात राहिली. औंध रस्त्यावर पीनट बटर का बनू लागलं, याचं उत्तर थेट तिथं जाऊन पोचतं. आपल्याकडे बाजारात पीनट बटरची रेलचेल होण्याच्या कितीतरी आधी पुण्यातली काही घरं ते स्पायसरमधून आणत होती.

पंथाचे पहिले पुस्तकविक्रेते 1893 साली मद्रासला उतरले. विल्यम अ‍ॅम्ब्रोज स्पायसर 1898 मध्ये कलकत्त्याला आले, तिथं त्यांनी ‘ओरिएंटल वॉचमन’ या मासिकाचं संपादन केलं आणि पुढे ते जगभरच्या चर्चचे अध्यक्ष झाले. ज्या वर्षी एलन व्हाइट वारल्या त्याच 1915 साली कोइमतूरला एक छोटी प्रशिक्षण शाळा निघाली. ती बंगळूरला हलली, 1937 मध्ये तिला स्पायसर यांचं नाव मिळालं आणि 1942 मध्ये, ऐन महायुद्धाच्या धामधुमीत, ती पुण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टपासून गांधीजी याच शहरात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. तेव्हा औंध रस्ता म्हणजे शहराबाहेरचा मोकळा माळ. शहरापासून दूर, शेताजवळ, ही एलन व्हाइट यांची अट तिथं पुरी होत होती. पुढे शहर येऊन तिला भिडलं.

महाराष्ट्रातल्या इतर ख्रिस्ती कॉलेजांची वाट वेगळी होती. मुंबईचं विल्सन, सेंट झेवियर्स, नागपूरचं हिस्लॉप, ही सगळी सरकारी विद्यापीठांना जोडलेली. तिथं शिकणारे बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते, आणि कॉलेजनं त्यांच्या घरच्या आठवड्याला हात लावला नाही. स्पायसर मुळात आपल्या पंथातल्या मुलांना आपल्या पद्धतीनं घडवण्यासाठी उभं राहिलं. शेजारच्या पुणे विद्यापीठाला जोडून घेतलं असतं तर पदवीचा प्रश्न सोपा झाला असता, पण शनिवारच्या पेपरचं काय करणार? पदव्युत्तर शिक्षणासाठी थेट अँड्र्यूज विद्यापीठाशी संलग्नता घेण्याचा लांबचा रस्ता पत्करला गेला. अखेर 2014 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कायदा केला आणि स्पायसर स्वतःचं वेळापत्रक असलेलं खासगी विद्यापीठ झालं.

पीठ, पाव आणि फी

अ‍ॅडव्हेंटिस्ट शिक्षणातला मला सर्वांत जवळचा वाटलेला भाग म्हणजे काम. या परंपरेत विद्यार्थी फक्त शिकत नाही, तो संस्था चालवायला हातभार लावतो. बेकरी, स्वयंपाकघर, बाग, कार्यालय, ग्रंथालय, वसतिगृहाची स्वच्छता, सगळीकडे विद्यार्थ्यांचे हात असतात. कामाचे तास नोंदले जातात आणि त्यांचा मोबदला फीच्या खात्यात वळता होतो. ज्याच्या घरून पैसे येत नाहीत तो जास्त तास करतो. जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, ते आधी विषय सांगत नाहीत, काम सांगतात. कोण पहाटे कणीक मळायचा, कोण ताटं धुवायचा, कोण गवत कापायचा. त्यावरून त्यांना एकमेकांचे चेहरे आठवतात.

सुट्टीतली कमाई आणखी वेगळी. उन्हाळ्यात कित्येक विद्यार्थी पिशवीत पुस्तकं घेऊन दारोदार फिरायचे. पंथाचं छापखान्याचं काम पुण्यातच, सॅलिसबरी पार्कच्या ओरिएंटल वॉचमन पब्लिशिंग हाऊसमध्ये चालतं. ‘हेराल्ड ऑफ हेल्थ’ हे आरोग्याचं मासिक, आहारावरची जाड पुस्तकं, धार्मिक पुस्तकं तिथं छापली जातात. अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, भर मे महिन्यात बेल वाजवायची, दोन मिनिटांत ओळख करून द्यायची, दहा दारांवर नकार ऐकायचा. विक्रीतला वाटा पुढच्या वर्षाची फी व्हायचा. धर्मप्रसाराचा हेतू त्यात होताच, तो कोणी लपवत नाही. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलाला हे काम जे शिकवतं ते कुठल्या वर्गात शिकवता येईल असं मला वाटत नाही.

मराठी वाचकाला इथं कर्मवीर भाऊराव पाटील आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 1919 साली रयत शिक्षण संस्था, मग साताऱ्याचं शाहू बोर्डिंग, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत, आणि ‘कमवा आणि शिका’. मुलं दगड फोडत, शेती करत, स्वयंपाक करत शिकली. स्पायसरला लागूनच असलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आज कमवा आणि शिका योजना कर्मवीरांच्याच नावानं चालते. या दोन परंपरांची एकमेकींशी कधी देवाणघेवाण झाल्याचं माझ्या वाचनात नाही. तरी दोघींनी एकाच दुखण्यावर बोट ठेवलं: आपल्याकडे शिकलेला माणूस हातानं काम करायला लाजतो, आणि ही लाज जातीतून येते. शिकून पाळक होणारा मुलगा बेकरीत पीठ मळतो आणि त्याच्या शेजारी मळणारा कुठल्या घरातून आला आहे हे पिठाला कळत नाही. या देशातल्या ख्रिस्ती समाजातही जात शिल्लक आहे, हे आता उघड बोललं जातं. एकत्र काम केल्यानं ती पुसली जाते असा दावा मी करणार नाही. पण एका भांड्यातलं पीठ मळणं ही सुरुवात आहे, आणि ती दलित-आदिवासी घरांतून आलेल्या मुलांच्या दृष्टीनं फार मोठी आहे.

कामाची ही शिस्त आणि शनिवारची विश्रांती एकमेकांना जोडलेल्या आहेत. जी आज्ञा सातव्या दिवशी थांबायला सांगते तीच सहा दिवस काम करायला सांगते, आणि त्या विश्रांतीत नोकराचाकरांनाही, गुराढोरांनाही धरते. म्हणून शुक्रवारची ती लगबग. उद्या कोणाला चुलीशी ताटकळावं लागू नये यासाठी आज सगळ्यांनी थोडं जास्त राबायचं. शनिवारचं जेवण साधं असतं, आधी केलेलं गरम करून वाढलं जातं, तेवढ्यापुरते काही हात लागतातच. आजाऱ्याची शुश्रूषा थांबत नाही. दवाखान्यातली सेवा शब्बाथाच्या आड येत नाही असं पंथ मानतो. पण शनिवारी बाहेरून जेवण मागवून आपली विश्रांती दुसऱ्याच्या कष्टावर घ्यायची नाही. घरी पार्सल मागवून रविवार साजरा करणाऱ्या मला हा मुद्दा बराच वेळ पुरला.

कांदा चालतो, चहा नाही

जेवणघर शाकाहारी. पुण्यात शाकाहारी मेस म्हटलं की मनात एक चित्र तयार असतं, त्यात सोवळं असतं, कांदा-लसणीचा प्रश्न असतो, जात असते. इथं कांदा आहे, लसूण आहे, मसाला आहे. चहा-कॉफी मात्र नाही. दारू नाही, तंबाखू नाही, उत्तेजक पेयं नाहीत. अन्नाचा विचार इथं शुद्ध-अशुद्धीपेक्षा प्रकृतीच्या बाजूनं केलेला आहे: शरीर देवाचं, ते नीट राखायचं. डुक्कर आणि शिंपल्यांसारखे काही प्रकार बायबलमधल्या यादीनुसार पूर्ण वर्ज्य. त्यापलीकडे संपूर्ण शाकाहाराचा आग्रह हा सल्ला, सक्ती नव्हे. घरी कोंबडी आणि मासे खाणारी अ‍ॅडव्हेंटिस्ट कुटुंबं भरपूर आहेत. तेव्हा मेसमधला शाकाहार मिझो मुलाला आणि केरळी मुलाला जवळजवळ सारखाच परका असतो. मग सोयाबीन, गव्हाच्या ग्लुटेनचे तुकडे, उसळी, शेंगदाणे यांवर निभावायचं. ईशान्येकडच्या मुलांना भातावर तिखट चटणी मिळाली की महिना निघतो.

चहाशिवाय पुण्यात विद्यार्थी कसे जगतात हा मला पडलेला खरा प्रश्न. आपल्या कॉलेजजीवनातला निम्मा वेळ टपरीवर गेलेला असतो. मैत्री, राजकारण, प्रेम, सगळं तिथं घडतं. इथं ती जागा बाकं, बास्केटबॉलचं मैदान आणि गाणं घेतं. कुंपणाबाहेर टपऱ्या आहेतच आणि कुंपण ओलांडणारेही असणारच. पण चहा हा नित्याचा भाग नसल्यानं संध्याकाळी माणसं एकत्र येण्यासाठी काहीतरी विकत घ्यावं लागत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

चार आवाजांत

शुक्रवारी सूर्य मावळल्यावर ‘व्हेस्पर्स’ म्हणजे सांजप्रार्थना होते. मला तिथलं प्रवचन आठवत नाही, गाणं आठवतं. पियानोवर दोन ओळी वाजल्या आणि समोरचा सगळा समूह चार स्वरपट्ट्यांत विभागला गेला, कोणी हात न हलवता. मुलींचे उंच आणि खालचे आवाज, मुलांचे मधले आणि खर्जातले. प्रत्येकाला आपली जागा ठाऊक. आपण मराठी माणसं समूहात गातो तेव्हा सगळे एकच चाल गातात, आरतीत असो की पोवाड्यात. चार वेगळ्या चाली एकाच वेळी चालवून त्यातून एक गाणं करायचं, हे ऐकताना अंगावर काटा येतो.

हे इतकं सहज कसं जमतं? मिझोराम आणि मेघालयातल्या मुलांना ते घरूनच येतं. वेल्सहून आलेल्या मिशनऱ्यांनी तिकडे टॉनिक सोल्फा ही लिपी रुजवली. त्यात पाच रेघा आणि टिंबं नसतात. डो-रे-मीची नुसती अक्षरं असतात, मधे विरामचिन्हं, आणि त्यावरून कोणीही आपली पट्टी वाचून गाऊ शकतं. आपल्या सारेगमच्या ती फार जवळची आहे. ही मुलं आपल्या खोलीत आली की तमिळ, तेलुगू, मल्याळी मुलंही हळूहळू दुसरी पट्टी पकडायला शिकतात. हिंदी कच्चं, इंग्रजी अडखळतं, पण खर्ज बरोबर लागतो, मग मैत्री व्हायला काय हवं?

शनिवारी दुपार हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं खरं सुख. जेवण झालेलं, उपासना झालेली, संध्याकाळ लांब. झोपणं, झाडांखाली बसणं, लांब फिरायला जाणं, आजारी मित्राला भेटणं, आपापल्या भाषेच्या गटात गाणं. पुस्तक उघडायचं नाही. सोमवारी पेपर असला तरी नाही. एरवी विद्यार्थी झोपला तरी त्याला अपराधी वाटतं, कारण शेजारच्या खोलीतला दिवा चालू असतो. स्पर्धेत एकट्यानं थांबता येत नाही. थांबणारा मागे पडतो. इथं सगळ्यांचे दिवे एकाच वेळी बंद असतात. सुट्टीबद्दल मला या लेखात म्हणायचं आहे ते एवढंच: ती एकट्याला घेता येत नाही, ती सगळ्यांनी मिळून बांधावी लागते. कोट्यापासून लातूरपर्यंतच्या क्लासगावांत आठवड्याचा प्रत्येक तास विकला जातो, तिथल्या मुलांना अशी एक दुपार मिळाली तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दाराशी

याची किंमत आहे आणि ती सांगितली पाहिजे. जी भिंत बाहेरचा गोंगाट अडवते ती आतल्यालाही अडवते. अ‍ॅडव्हेंटिस्ट वसतिगृहांत सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रार्थना असते, तिला हजेरी असते. वसतिगृहप्रमुखाला डीन म्हणतात, आणि मुलांचा खरा व्यवहार प्राचार्यांपेक्षा त्यांच्याशीच जास्त. बाहेर जायचं तर परवानगी, परतायची वेळ ठरलेली, मुलामुलींच्या भेटीगाठींवर नजर. दागिने घालायचे नाहीत हा पंथाचा जुना नियम. साधेपणासाठी आणि श्रीमंतीचं प्रदर्शन टाळण्यासाठी तो आला. गरीब घरच्या मुलीला तो मोकळं करतो, कारण इथं कोणाच्याच गळ्यात काही नसतं. पण हिंदू घरातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांत मंगळसूत्र आणि बांगड्या सोडायच्या की ठेवायच्या, यावर पिढ्यान् पिढ्या वाद होत आले आहेत, आणि त्या वादात बाईचं मत शेवटी विचारलं जातं.

प्रार्थनेला हजेरी लावावी का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. श्रद्धा ही आतून यायची गोष्ट. तिची नोंदवही ठेवली की ती कवायत होते, असं माझं मत आहे आणि तिथं जाऊनही ते बदललं नाही. कित्येक विद्यार्थ्यांना हे जाचक वाटतं, विशेषतः ज्यांचं घर अ‍ॅडव्हेंटिस्ट नाही त्यांना. याउलट बरीच मुलं सांगतात की पहिल्या वर्षी ओढून नेल्यासारखी जायची ती प्रार्थना तिसऱ्या वर्षी चुकली तर चुकल्यासारखं वाटतं. दोन्ही खरं आहे. विद्यापीठ झाल्यावर बाहेरचे, रोज घरून येणारे विद्यार्थी वाढले तर हा प्रश्न आणखी टोकदार होईल. पंथासाठी बांधलेली शिस्त पंथाबाहेरच्या मुलांवर कितपत लावायची, याचं उत्तर नियमपुस्तकात सापडणार नाही. ते डीनच्या खोलीत, एकेका मुलाशी बोलूनच काढावं लागेल.

आणि मोबाइल आहे. पूर्वी शब्बाथ राखायचा म्हणजे दुकान, मैदान आणि पुस्तक बंद केलं की झालं. आता बाजार, सिनेमा, क्रिकेटचा सामना, सगळं उशाशी असतं. कुठलीच भिंत तिथं पुरी पडत नाही. इथून पुढे शनिवार राखायचा की नाही हे प्रत्येक मुलाच्या अंगठ्यावर आहे, आणि मला वाटतं, श्रद्धेच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं.

शनिवारी पेपर असेल तर

शनिवारी सूर्य मावळला की आवार पुन्हा धडधडायला लागतं. बास्केटबॉलचा चेंडू आपटतो, बादल्या नळाखाली लागतात, दिवसभर न उघडलेली पुस्तकं उघडतात. रविवार धुण्याचा, कामाच्या तासांचा, बाजाराचा. पण पदवी घेऊन बाहेर पडल्यावर हा आठवडा सोबत न्यायचा कसा?

अ‍ॅडव्हेंटिस्ट मुलांना हा पेच शाळेपासूनच ओळखीचा असतो. बोर्डाचा पेपर शनिवारी आला तर काय करायचं? काही घरं मुलाला पेपरला पाठवतात आणि देवाची क्षमा मागतात. काही पाठवत नाहीत, आणि मुलगा पुरवणी परीक्षेला बसतो. मध्येच कुठे अर्ज-विनंत्या चालतात. नोकरीत मग वाटा फुटतात. चर्चच्याच शाळांत आणि दवाखान्यांत जाणाऱ्याला अडचण नाही. पुण्यातलं सॅलिसबरी पार्कचं अ‍ॅडव्हेंटिस्ट रुग्णालय किंवा देशभर पसरलेल्या इंग्रजी शाळा ही जुनी ठरलेली वाट. पाच दिवसांच्या आठवड्यानं आयटीत नोकरी करणाऱ्यांची मोठी सोय केली. हिंजवडीत शनिवार मागावा लागत नाही, तो आधीच मिळालेला असतो. खरी कसोटी बँकेत, दुकानात आणि पाळीच्या कामात.

पाळीच्या कामात एक जुनी तडजोड चालते, आणि ती ऐकून मी थांबले. अ‍ॅडव्हेंटिस्ट नर्स वॉर्डातल्या सहकाऱ्यांशी अदलाबदल करते. शुक्रवारची रात्र आणि शनिवारचा दिवस मला सोडा, बदल्यात तुमचा रविवार माझा, तुमची गणपतीची पाळी माझी, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची ड्यूटी माझी. रुग्ण काही सणाला बरे होत नाहीत, कोणीतरी तिथं असावंच लागतं. म्हणून हा अंक तुमच्या हातात असेल त्या दिवसांत, घरोघर फराळाची ताटं भरलेली असताना, कुठल्या तरी वॉर्डात सलाइन बदलायला तीच उभी असेल, आणि जिच्या जागी ती उभी आहे ती आपल्या मुलांबरोबर घरी पणत्या लावत असेल. येत्या शनिवारी दोघींच्या जागा बदललेल्या असतील.